तेलात उतरलेले पेट्रोल : जुन्या मोटारीच्या एका दोषाचे निदान

प्रस्तावना

मोटारीच्या इंजिनात इंधन आणि वंगण यांचे प्रदेश वेगळे आखलेले असतात. इंधनाने पिस्टनच्या वरच्या बाजूला जळावे आणि तेलाने पिस्टनच्या खाली, क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांपासून कॅमशाफ्टपर्यंत, धातूला धातू घासू देऊ नये, अशी ही वाटणी आहे. या दोन प्रदेशांमधली हद्द मात्र पक्क्या भिंतीची नाही. सिलिंडरमध्ये ती पिस्टनच्या रिंगांवर अवलंबून असते आणि इंधनपंपात ती एका लवचीक रबरी पडद्यावर, म्हणजे डायफ्रामवर, अवलंबून असते. रिंगा झिजतात आणि पडदा कालांतराने कडक होऊन चिरतो. ही हद्द ढिली झाली की पेट्रोल तेलाच्या चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलसाठ्यात, उतरू लागते, तेल पातळ होते आणि गाडी वरकरणी नीट चालत असतानाच तिची बेअरिंगे झिजू लागतात. हा दोष कसा ओळखावा, त्याचे मूळ कसे शोधावे आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतर दोषांपासून तो कसा वेगळा काढावा, एवढाच प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

येथे ‘जुनी मोटार’ म्हणजे प्रामुख्याने कार्ब्युरेटरची पेट्रोल मोटार अभिप्रेत आहे. कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनाने ओढलेल्या हवेत पेट्रोल मिसळून देणारे यांत्रिक साधन. भारतात १९६४ साली आलेली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेलेली कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, उत्तरपाड्याची अॅम्बॅसॅडर आणि डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० यांच्या कित्येक पिढ्या याच साधनावर चालल्या. एप्रिल २००० पासून उत्सर्जनाचे नवे मानक लागू झाले आणि संगणकाच्या नियंत्रणाखाली इंजेक्टरमधून पेट्रोल सोडणारी पद्धत सार्वत्रिक होत गेली, तसा कार्ब्युरेटर मागे पडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधून पद्मिनीही निवृत्त झाली. तरीही खासगी मालकांनी हौसेने राखलेल्या अशा गाड्या महाराष्ट्रात आणि गोव्यात आजही आहेत; त्या सांभाळणारे कारागीर मात्र कमी होत चालले आहेत. जे ज्ञान एकेकाळी कोपऱ्यावरच्या गॅरेजात सहज मिळत असे, ते लिहून ठेवण्याची गरज त्यातून निर्माण झाली आहे.

पेट्रोल मिसळल्याने तेलाचे नेमके काय बिघडते, हे समजण्यासाठी श्यानता ही संकल्पना आधी स्पष्ट व्हायला हवी. श्यानता म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, बोलीत ज्याला तेलाचा दाटपणा म्हणतात तो. फिरणारा शाफ्ट आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा अवघ्या काही मायक्रॉनचा थर तरंगत असतो आणि तो टिकून राहतो तो तेलाच्या दाटपणामुळे. एसएई श्रेणीतील ४० क्रमांकाच्या तेलाची श्यानता १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स असावी लागते, तर ३० क्रमांकाच्या तेलाची ९.३ ते १२.५; ‘२०डब्ल्यू-४०’ या परिचित नावातला दुसरा आकडा हीच गरम अवस्थेतली श्रेणी सांगतो. तीन लिटर तेलाच्या चेंबरमध्ये १५० मिलिलिटर पेट्रोल उतरले, म्हणजे चहाच्या दोन लहान कपांएवढे, तर मिश्रणातले त्याचे प्रमाण पाच टक्क्यांच्या जवळ जाते आणि तेवढ्याने तेल एक पूर्ण श्रेणी खाली घसरू शकते. त्यातच झीज रोखण्यासाठी तेलात घातलेली रसायनेही त्याच प्रमाणात विरळ होतात आणि सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर कच्च्या पेट्रोलने धुतला जातो. भिंत कोरडी पडली की रिंगा अधिक झिजतात आणि झिजलेल्या रिंगांमधून आणखी पेट्रोल खाली येते. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही.

निदानाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा गुणधर्म म्हणजे पेट्रोलची बाष्पनशीलता. पेट्रोल हा एकजिनसी पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक ३५ अंशांच्या आसपास उकळू लागतात, तर सर्वांत जड घटकांना २०० अंशांच्या वर तापमान लागते. त्यामुळे इंजिन पूर्ण तापून तासभर सलग धावले की तेलातल्या पेट्रोलचा बराचसा भाग वाफ होऊन ब्रीदर पाइपवाटे, म्हणजे चेंबरमधले वायू बाहेर काढणाऱ्या नळीवाटे, निघून जातो आणि जड भाग तेलातच उरतो. याचा अर्थ असा की एकाच गाडीचे तेल दादर-गिरगाव फेऱ्यांनंतर एक साक्ष देईल आणि मुंबई-नाशिक प्रवासानंतर दुसरी. तपासणीपूर्वी गाडी कशी चालली, हे विचारल्याशिवाय तेलाकडे पाहणे म्हणूनच अपुरे ठरते. पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ असेल तर प्रश्न आणखी बिकट होतो, कारण रॉकेलचे घटक साधारण १५० ते ३०० अंशांच्या दरम्यान उकळतात आणि इंजिनाच्या नेहमीच्या उष्णतेने ते सहसा उडून जात नाहीत. डिझेल तर याहूनही जड. डिझेल गाडीच्या तेलात उतरलेले इंधन लांबच्या प्रवासाने जाईल अशी आशा धरण्यात अर्थ नसतो आणि त्याला पेट्रोलसारखा तीव्र वासही नसतो.

या दोषामागे वापराची एक सवयही असते, आणि ती बहुतेकदा काळजीपोटी लागलेली असते. क्वचित बाहेर निघणारी जुनी गाडी, बॅटरी उतरू नये म्हणून, आठवड्यातून एकदा सोसायटीच्या आवारातच सुरू करून दहा मिनिटे चालू ठेवली जाते. थंड इंजिनाला सुरू होण्यासाठी चोक लागतो, म्हणजे हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण मुद्दाम वाढवावे लागते. थंड भिंतींवर त्यातले बरेच पेट्रोल न जळता द्रवरूपात चिकटते आणि रिंगांवरून खाली ओघळते. तेल तापून ते उडून जाण्याआधीच इंजिन बंद केले जाते. अशी काही महिन्यांची काळजी एखाद्या गाडीच्या तेलाला वर्षभराच्या रोजच्या प्रवासाहून अधिक अपाय करू शकते. आपल्याकडची हवा गरमच आहे, या समजुतीने थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा गॅरेजांमधला प्रघातही याच पंक्तीत बसतो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन ठरावीक तापमानाला पोचेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ती नसली की इंजिन कायम कोमट राहते आणि तेलातले पेट्रोल उडण्याइतकी उष्णता तयारच होत नाही.

दोषाच्या यांत्रिक उगमांमध्ये पहिला क्रमांक इंधनपंपाचा लागतो. गॅरेजात ज्याला एसी पंप म्हणतात, तो इंजिनाच्या अंगावर बसवलेला असतो आणि कॅमशाफ्टवरच्या उंचवट्याने हलणारी त्याची लिव्हर डायफ्राम खाली ओढते. स्प्रिंग तो पुन्हा वर ढकलते आणि या हालचालीने पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जाते. डायफ्रामच्या वर पेट्रोल असते आणि खाली थेट इंजिनात उघडणारी पोकळी. पडदा चिरला की पेट्रोल बाहेर सांडावे म्हणून बऱ्याच पंपांच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक ठेवलेले असते, परंतु वर्षानुवर्षांच्या तेलकट मळाने ते बुजलेले असले तर पेट्रोलला चेंबरखेरीज दुसरी वाट उरत नाही. पंपाची क्षमता गरजेपेक्षा जास्त असल्याने लहान चीर पडूनही गाडीला पेट्रोल कमी पडत नाही आणि चालकाला काहीच जाणवत नाही. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या २० टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलमुळे हा मुद्दा अधिक तातडीचा झाला आहे, कारण जुन्या घडणीचे रबर इथेनॉल लक्षात घेऊन बनवलेले नव्हते आणि त्याच्या संपर्कात ते फुगते, मऊ पडते किंवा तडकते. सीएनजीवर चालवलेल्या गाड्यांमध्ये उलट बाजूने हेच घडू शकते, कारण तिथे पडदा महिनोन्‌महिने कोरडा राहून ताठर होतो.

दुसरा उगम कार्ब्युरेटरचा. त्यातल्या फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोलची पातळी तरंगता फ्लोट आणि त्याने बंद होणारी नीडल झडप राखतात. फ्लोटला भोक पडून तो जड झाला, नीडलच्या टोकावर झिजेची खाच पडली किंवा तिथे कचरा अडकला, की कार्ब्युरेटर ‘ओव्हरफ्लो’ करतो. जास्तीचे पेट्रोल इनटेक मॅनिफोल्डमध्ये उतरते, आणि इंजिन बंद केल्यावरही पंपात उरलेल्या दाबाने काही वेळ उतरतच राहते. तिसरा उगम प्रज्वलनाचा, कारण एखादा प्लग ठिणगी देत नसेल आणि इंजिन ‘मिसिंग’ करत असेल तर त्या सिलिंडरमध्ये गेलेले पेट्रोल जळतच नाही. चौथा उगम खुद्द रिंगा आणि सिलिंडरची झीज. इंजेक्टरच्या गाड्यांमध्ये या यादीत गळका इंजेक्टर, पडदा फाटलेला दाबनियंत्रक आणि इंजिन थंडच आहे असे संगणकाला खोटे सांगणारा तापमान संवेदक यांची भर पडते. दाबनियंत्रकाची निर्वात नळी काढून तिच्यात पेट्रोलचा ओलावा दिसला, तर तेवढ्या एका निरीक्षणावर त्याचा दोष सिद्ध होतो.

लक्षणांपैकी सर्वांत विश्वासार्ह आणि सर्वांत दुर्लक्षित लक्षण डिपस्टिकवर, म्हणजे तेलाची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवर, दिसते. गाडी सपाट जागी, रात्रभर उभी राहिल्यानंतर, इंजिन सुरू न करता तेलाची पातळी पाहावी आणि पट्टी पुसण्यासाठी धुतलेले पांढरे सुती फडके घ्यावे, गॅरेजातली तेलकट चिंधी नव्हे. पातळी वरच्या खुणेपेक्षा चढलेली असेल तर संशयाला जागा आहे, हे सर्वांना पटते. पण जुन्या इंजिनात पातळी महिनोन्‌महिने जराही न उतरणे हेदेखील संशयास्पदच असते. झिजलेले इंजिन थोडे तेल जाळतेच, आणि जळालेल्या तेलाची जागा पेट्रोलने भरून काढली तर पट्टीवरची खूण जिथल्या तिथे राहते. ‘गाडी तेल अजिबात खात नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्या मालकाने लांबच्या प्रवासानंतर पातळी पुन्हा पाहावी. ती अचानक बरीच खाली गेलेली आढळली तर उडून गेले ते पेट्रोल होते, असा निष्कर्ष काढता येतो. पातळी चढण्याचा वेगही बोलका असतो. फाटलेल्या पडद्यामुळे ती थोड्याच दिवसांत आणि इंजिन गरम असो वा थंड, चढत जाते. चोक आणि तुटपुंज्या फेऱ्यांमुळे ती सावकाश चढते आणि एका लांब प्रवासाने पूर्ववत होऊ शकते.

डिपस्टिकच्या टोकाचा वास घेणे ही रूढ तपासणी आहे, पण तिच्यावर एकटीवर विसंबू नये. वापरलेल्या कोणत्याही तेलाला पेट्रोलचा थोडा वास असतोच, आणि नाक सरावले की तीव्र वासही जाणवेनासा होतो. त्याऐवजी दोन थेंबांची तुलना अधिक उपयोगी पडते. काचेची स्वच्छ पट्टी थोडी तिरकी ठेवून तिच्या वरच्या कडेला एक थेंब गाडीतल्या तेलाचा आणि शेजारी एक थेंब त्याच श्रेणीच्या, त्याच बनावटीच्या नव्या तेलाचा सोडावा. दोन्ही तेले काही तास एकाच खोलीत राहून एका तापमानाला आलेली असावीत. गाडीतला थेंब नव्याला स्पष्टपणे मागे टाकून खाली धावला तर तेल पातळ झाले आहे. गाडीतल्या तेलाचा आणखी एक थेंब टीपकागदावर टाकून कागद आडवा, वाऱ्यापासून दूर ठेवला असता काही तासांत त्याची वर्तुळे उमटतात : मध्यभागी काजळीचा गडद डाग, त्याभोवती तेलाचा पट्टा आणि जड इंधन मिसळलेले असल्यास सर्वांत बाहेर पसरलेली फिकट कडा. हलके पेट्रोल मात्र कागदावरून उडून जाते, म्हणून ही कसोटी डिझेलसाठी अधिक आणि पेट्रोलसाठी कमी भरवशाची आहे.

ब्रीदर पाइप हा आणखी एक साक्षीदार. तेलातून उठणारी पेट्रोलची वाफ या नळीतून एअर फिल्टरकडे आणि तिथून पुन्हा इंजिनात जाते, त्यामुळे कार्ब्युरेटरची जुळणी बिनचूक असूनही मिश्रण ‘रिच’, म्हणजे पेट्रोलचे प्रमाण जास्त असलेले, राहते. पीयूसी तपासणीत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण वारंवार जास्त येत असेल आणि कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवूनही फरक पडत नसेल, तर इंजिन गरम असताना ही नळी एअर फिल्टरपासून तात्पुरती सोडवून पुन्हा मोजणी करावी. आकडा लक्षणीय खाली आला तर जास्तीचे पेट्रोल कार्ब्युरेटरमधून नव्हे, तर तेलातून येत आहे. आयडलिंगला तेलदाबाचा लाल दिवा लुकलुकणे हे मात्र उशिरा दिसणारे लक्षण आहे आणि ते झिजलेल्या बेअरिंगांमुळे किंवा थकलेल्या तेलपंपामुळेही दिसते, म्हणून त्यावरून एकट्या पेट्रोलला दोषी ठरवता येत नाही.

प्रयोगशाळेतल्या चाचण्यांची गरज सामान्य मालकाला क्वचित पडते, तरी त्यांचे तत्त्व समजून घेणे फायद्याचे ठरते. पहिली चाचणी ज्वलनांकाची. तेल तापवत नेऊन त्याच्या वाफेवर छोटी ज्योत फिरवली असता ती वाफ ज्या तापमानाला क्षणभर पेटते, तो ज्वलनांक. नव्या इंजिन तेलाचा ज्वलनांक साधारण २०० अंशांच्या वर असतो आणि थोडेसे पेट्रोलही तो ठळकपणे खाली आणते. दुसरी चाचणी श्यानतेची. तिच्यावर एकटीवर विसंबण्यात धोका असा की जुन्या तेलात काजळी साठून आणि ऑक्सिजनशी संयोग होऊन ते दाटही होत जाते. एका कारणाने पातळ आणि दुसऱ्या कारणाने दाट झालेले तेल मोजमापात अगदी योग्य श्रेणीचे दिसू शकते. श्यानता ठीक आणि ज्वलनांक घसरलेला, अशी जोडी दिसली की दोन्ही बिघाड एकत्र आहेत असे समजावे. तिसरी पद्धत वायू-वर्णलेखनाची; तिच्यात मिश्रणातले घटक वेगवेगळे करून इंधनाचे प्रमाण थेट मोजले जाते. ढोबळ मानाने दोन टक्क्यांच्या पुढे लक्ष द्यावे आणि चार-पाच टक्क्यांना गाडी थांबवावी, असा व्यवहार आहे.

पातळी चढण्याची दोन वेगळी कारणे आधी बाजूला काढावी लागतात. हेड गॅस्केट गेल्याने तेलात पाणी मिसळले तर तेल दुधाळ, चहाच्या रंगाचे होते, ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पांढरट साय दिसते आणि रेडिएटरमधले पाणी कमी होते. पेट्रोलने तेलाचा रंग असा बदलत नाही. थंड फेऱ्यांमध्ये हवेतल्या दमटपणामुळेही झाकणाखाली थोडी साय धरते, म्हणून रेडिएटरची पातळी पाहिल्याशिवाय गॅस्केटवर निर्णय देऊ नये. दुसरे कारण साधे आहे : मागच्या सर्व्हिसिंगला तेलच जास्त ओतलेले असणे. तेल बदललेल्या दिवशीची पातळी नोंदवलेली असेल तर हा संशय एका क्षणात मिटतो, आणि म्हणूनच या पुस्तकात नोंदवहीवर वारंवार भर दिलेला आढळेल.

या सर्व विवेचनाच्या मुळाशी एकच भूमिका आहे. तेलात पेट्रोल असणे हे लक्षण आहे, रोग दुसरीकडे आहे. तरीही व्यवहारात पहिली कृती होते ती तेल बदलण्याची. नवे तेल घालताच दिवा लुकलुकायचा थांबतो, वास जातो, मालक समाधानी होतो आणि तपासासाठी उपलब्ध असलेला सारा पुरावा जुन्या तेलाबरोबर डब्यात ओतला जातो. निदानाचा योग्य क्रम असा की आधी वापराचा इतिहास विचारावा, मग पातळी, वास आणि थेंब पाहावेत, थोडे तेल स्वच्छ बाटलीत तारीख घालून जपून ठेवावे, मग पंप, कार्ब्युरेटर, प्लग, थर्मोस्टॅट आणि शेवटी रिंगा या क्रमाने उगम शोधावा. हा क्रम स्वस्त आणि सोप्या तपासणीकडून महाग आणि अवघड तपासणीकडे जातो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, कमी आहे म्हणून इंजिन उघडण्याआधी काही रुपयांचा पडदा तपासून पाहणे केव्हाही शहाणपणाचे. उगम सापडून दुरुस्त झाल्यावरच तेल आणि फिल्टर बदलावेत, आणि त्यानंतर काही आठवडे पातळीवर लक्ष ठेवावे. मात्र पातळी बरीच चढलेली असताना, केवळ पुरावा हवा म्हणून, इंजिन चालू ठेवू नये; नमुना बाटलीत घेतला की गाडी उभी करावी.

काडी पेटवून तेल पारखण्याची जुनी पद्धत या पुस्तकात जाणीवपूर्वक वगळली आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत आणि गॅरेजच्या पिटात साचून राहते, आणि चेंबरचा नट सोडताना तिथे उघडा बल्ब, विडी किंवा वेल्डिंगची ठिणगी असली तर अपघात अटळ ठरतो. काम मोकळ्या हवेत करावे, बॅटरीची जोडणी आधी सोडावी आणि काढलेले तेल गटारात न ओतता अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी द्यावे.

पुढील प्रकरणांची मांडणी याच क्रमाने केली आहे : आधी तेल आणि इंधन यांचे गुणधर्म, मग लक्षणे, मग प्रत्येक उगमाची स्वतंत्र तपासणी, आणि अखेरीस इंजेक्टरच्या व डिझेलच्या गाड्यांसाठी वेगळे प्रकरण. वाचक गाडीचा मालक असो वा कारागीर, त्याने पहिली दोन प्रकरणे वाचल्याशिवाय हातात पाना घेऊ नये, अशी विनंती आहे. आणि ज्यांची जुनी गाडी सध्या आवारात उभी आहे, त्यांनी तिला दर आठवड्याला दहा मिनिटे जागेवर चालू ठेवण्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा पाऊण तास रस्त्यावर न्यावे. बॅटरीही टिकेल आणि तेलही.